गाण्यातून परभाषा : कन्नड शिकणाऱ्या मराठी माणसाचे उदाहरण

परभाषा प्रथम कानावर पडते तेव्हा तिच्यातील शब्द सुटे सुटे ऐकू येत नाहीत. एक शब्द कोठे संपला आणि दुसरा कोठे सुरू झाला हे ऐकणाऱ्यास उमगत नाही. आणि जे उमगत नाही ते ध्यानात राहणे अशक्यच असते. लहान मूल या अवस्थेतून दोन-तीन वर्षांत बाहेर पडते, कारण त्याला दुसरा उद्योग नसतो. पोटापाण्यासाठी परमुलखात आलेल्या प्रौढ माणसाला मात्र दिवसभर काम असते, आणि ते काम बहुधा तिसऱ्याच भाषेत चालते. बंगळूरच्या दक्षिणेस होसूर रस्त्यावर वसलेली इलेक्ट्रॉनिक सिटी ही अशा माणसांची वसाहत आहे.

कर्नाटक राज्य इलेक्ट्रॉनिक्स विकास महामंडळाची, म्हणजे 'किऑनिक्स'ची, स्थापना १९७६ साली झाली. कोनप्पन अग्रहार आणि दोड्डतोगूरु या खेड्यांच्या परिसरातील सुमारे ३३२ एकर जमिनीवर या महामंडळाने औद्योगिक वसाहत उभारली. तिची कल्पना रा. कृ. बाळिगा यांची. १९८१ साली पुण्यात जन्मलेली आणि १९८३ साली बंगळुरास हलविलेली इन्फोसिस ही कंपनी पुढे येथेच स्थिरावली, आणि तिच्यासारख्या अनेक कंपन्यांमागोमाग देशाच्या सर्व भागांतून तरुण माणसे आली. त्यांत पुणे, नागपूर, कोल्हापूर, सोलापूर येथून आलेली मराठी माणसे कमी नाहीत. कार्यालयात इंग्रजी चालते, सहकाऱ्यांशी हिंदीत भागते, घरी मराठी असते. कन्नडची गाठ पडते ती रिक्षावाल्याशी, भाजीवालीशी, घरमालकाशी, दवाखान्यातील परिचारिकेशी बोलताना; आणि अशा प्रत्येक प्रसंगासाठी 'कन्नड गॊत्तिल्ल', म्हणजे 'कन्नड ठाऊक नाही', हे एकच वाक्य पाठ करून माणसे आठ-दहा वर्षे काढतात. हाच अभियंता जर्मनीस जाण्याचा योग आला की सायंकाळच्या वर्गात नाव घालतो, जर्मन गीतांच्या ध्वनिफिती ऐकतो आणि सहा महिन्यांत कामापुरते बोलू लागतो. तेव्हा उणीव बुद्धीची नसते. शेजारची भाषा शिकण्यासारखी आहे असे त्याला कोणी सांगितलेले नसते, एवढेच.

कन्नड ही मराठी माणसाला परकी म्हणावी की आपली, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. भाषाकुळे भिन्न आहेत, लिपी वेगळी आहे. तरीही 'ऊट आयिता?' या बंगळुरी कुशलप्रश्नाचा 'जेवण झाले का?' हा शब्दशः अनुवाद होतो, शब्दांचा क्रमही बदलावा लागत नाही. 'मला मराठी येते' या वाक्यात भाषा बोलणाऱ्याकडे 'येते'. कन्नडमध्येही ती 'बरुत्तॆ', म्हणजे येतेच. तूप, अण्णा, अक्का हे शब्द दोन्ही घरांत नांदतात. आणि मराठीत जसे गाणे 'म्हणतात', तसाच कन्नडमध्ये 'हाडु हेळु' असा प्रयोग आहे. 'हाडु' म्हणजे गाणे, आणि 'हेळु' म्हणजे सांग किंवा म्हण. (मराठी माणसास 'हाडु' ऐकून प्रथम अस्थी आठवतात, पण ती अडचण पहिल्या दिवसापुरतीच.)

येथे लेखनाविषयी एक खुलासा केला पाहिजे. कन्नडमध्ये ए आणि ओ हे स्वर ऱ्हस्व आणि दीर्घ असे दोन प्रकारचे आहेत. पुढे ऱ्हस्व स्वरांसाठी 'कॆ', 'कॊ' अशी चिन्हे वापरली आहेत. 'के', 'को' हे दीर्घ समजावेत. मराठीत हा भेद अर्थभेदक नाही, म्हणून मराठी कान तो ऐकतच नाही. त्याचा परिणाम किराणा दुकानात दिसतो. 'बॆलॆ' म्हणजे किंमत, 'बॆळॆ' म्हणजे शेतातले पीक आणि 'बेळॆ' म्हणजे डाळ. ल आणि ळ यांतील फरक मराठी माणसाला जन्मतःच अवगत असतो, हे त्याचे भाग्य. उत्तर भारतीय माणूस तेथेच अडखळतो. परंतु 'बॆळॆ' आणि 'बेळॆ' यांत मराठी माणूसही फसतो आणि डाळीऐवजी पीक मागतो. 'कॊडु' म्हणजे दे, आणि 'कोडु' म्हणजे शिंग.

गाणे या बाबतीत नेमकी कोणती मदत करते? तिचा काही भाग प्रयोगांनी तपासला गेला आहे. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका फ्रेंच संशोधनात श्रोत्यांना निरर्थक अक्षरांचा अखंड प्रवाह ऐकविण्यात आला. त्यात तीन-तीन अक्षरांचे काही बनावट शब्द पुनःपुन्हा येत होते. काही मिनिटे ऐकूनही बोललेल्या प्रवाहातून श्रोत्यांना ते शब्द वेगळे काढता आले नाहीत. तेवढ्याच वेळात गायिलेल्या प्रवाहातून मात्र आले. स्वर बदलला की अक्षर बदलले हे कानास कळते आणि शब्दाची कड हाती लागते. एडिंबरा येथील संशोधकांनी २०१४ साली दुसरा प्रयोग प्रसिद्ध केला. हंगेरियन न येणाऱ्या साठ प्रौढांचे त्यांनी तीन गट केले. एका गटाने हंगेरियन वाक्ये ऐकून साधी उच्चारली, दुसऱ्याने तालात उच्चारली, तिसऱ्याने गायिली. पंधरा मिनिटांच्या सरावानंतर घेतलेल्या कसोट्यांत गाणारा गट एकंदरीत सरस ठरला, विशेषतः जेथे ती वाक्ये आठवून स्वतः म्हणावयाची होती तेथे. केवळ तालाने ते साधले नाही, ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे.

त्याआधी, १९९४ साली, वाँडा वॉलेस यांनी अमेरिकेत केलेले संशोधनही येथे विचारात घ्यावे लागते. चालीवर ऐकलेले शब्द अधिक आठवतात, परंतु चाल सोपी आणि पुनःपुन्हा येणारी असेल तरच, असा त्याचा निष्कर्ष होता. एकदाच ऐकलेली, वळणावळणाची चाल उलट लक्ष विचलित करते. म्हणूनच आजची घाईची, इंग्रजी शब्दांनी भरलेली चित्रपटगीते प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्यास उपयोगी पडत नाहीत, मग ती कितीही लोकप्रिय असोत.

मराठी विद्यार्थ्याला गाण्यापासून मिळणारा पहिला लाभ मात्र प्रयोगशाळेत सापडणारा नाही. मराठी माणूस बोलताना शब्दाच्या अखेरचा 'अ' गिळून टाकतो. तो 'नगर' लिहितो आणि 'नगर्' म्हणतो. कन्नडमध्ये हा 'अ' पूर्ण उच्चारला जातो. जवळजवळ प्रत्येक कन्नड शब्द स्वराने संपतो, इतका की इंग्रजीतून आलेल्या शब्दांनाही शेवटी उकार जोडून 'बस्सु', 'कारु' असे म्हणतात. मराठी विद्यार्थी कन्नड वाक्य बोलतो तेव्हा प्रत्येक शब्दाचे शेपूट तुटलेले असते आणि ऐकणाऱ्यास ते तत्क्षणी परके वाटते. पण हाच मराठी माणूस ओवी किंवा अभंग म्हणू लागला की गिळलेला 'अ' परत येतो. जात्यावरच्या ओवीत 'नगर' हा शब्द तीन पूर्ण अक्षरांचा होतो. ज्ञानेश्वरीच्या वाचकाला तर 'देवु', 'विठ्ठलु' अशी उकारान्त रूपेही ठाऊक असतात. त्यांचे कारण वेगळे असले तरी 'बस्सु' ऐकून त्याला हसू येण्याचे कारण नाही. याचा अर्थ असा की कन्नड उच्चारास लागणारी सवय मराठी माणसाजवळ आहेच. ती त्याच्या बोलण्यात नाही, गाण्यात आहे. कन्नड गीत म्हणू लागताच ती जागी होते, आणि शिक्षकाने अंत्य स्वरासाठी दहा वेळा टोकूनही जे साधत नाही ते एका पदाने साधते.

कोणती पदे निवडावीत? मराठी घरात पुरंदरदासांचे एखादे पद बहुधा आधीच येऊन गेलेले असते. पुरंदरदास हे सोळाव्या शतकातील संत-कवी. कर्नाटक संगीताचे पितामह म्हणून त्यांना मानतात, आणि आजही त्या संगीताच्या प्राथमिक शिक्षणात मायामाळवगौळ रागातील स्वरावली आणि मलहरी रागातील गीते शिकवितात ती त्यांच्याच नावाने. त्यांची नाममुद्रा 'पुरंदर विठ्ठल' अशी असल्यामुळे वारकरी परंपरेत वाढलेल्या माणसास ती ओळखीची वाटते. गदगच्या भीमसेन जोशींनी मराठी अभंग महाराष्ट्राच्या घराघरांत पोहोचविले, आणि त्याच कंठातून लक्ष्मीला घरी बोलावणारे पुरंदरदासांचे कन्नड पदही मराठी श्रोत्यांनी ऐकले. अनेकांना ते अर्थ न कळता पाठ आहे. इलेक्ट्रॉनिक सिटीतील एखाद्या मराठी कुटुंबाने कन्नडचा आरंभ या पदापासून केला तर निम्मे काम आधीच झालेले असते.

मात्र उरलेले निम्मे काम अवघड आहे. त्या पदातील 'बारम्मा' हा शब्द घेऊ. 'ये, अम्मा' असा त्याचा अर्थ. 'बा' म्हणजे ये, आणि हे एकवचनी रूप आहे. मराठीत आपण देवाला 'तू' म्हणतो आणि शेजाऱ्याच्या वडिलांना 'तुम्ही'. कन्नडमध्येही देवाला 'नीनु' आणि वडीलधाऱ्यास किंवा अनोळखी माणसास 'नीवु'. भक्तिगीतांत आणि प्रेमगीतांत सर्वत्र 'नीनु'च असतो. केवळ गाण्यांवर वाढलेला विद्यार्थी बस-वाहकास 'बा' म्हणाला तर तो उद्धटपणा ठरतो. तेथे 'बन्नि', म्हणजे 'या', म्हटले पाहिजे. नवख्या माणसाची ही चूक शिकाऊ म्हणून पोटात घातली जाईलच असे नाही. भाषेवरून मने आधीच हळवी झालेल्या शहरात ती अपमान वाटू शकते. म्हणून गीतातील प्रत्येक आज्ञार्थी रूपापुढे विद्यार्थ्याने त्याचे आदरार्थी रूप वहीत लिहून ठेवावे : बा–बन्नि, हेळु–हेळि, कॊडु–कॊडि, माडु–माडि, होगु–होगि. गाताना पहिले, बोलताना दुसरे.

जुन्या पदांत आणखी एक फसगत असते. 'माझा' या अर्थी त्यांत 'ऎन्न' येते. आज बोलण्यात 'नन्न' म्हणतात. अभंगातले 'मज' आणि 'तुज' घेऊन कोणी पुण्याच्या मंडईत बोलू लागला तर काय होईल, याची कल्पना केली म्हणजे पुरे.

बोलीचा प्रश्नही आहे. कोल्हापूर, बेळगाव, सोलापूर या बाजूने आलेल्या मराठी माणसाच्या कानावर लहानपणी कन्नड पडलेली असते. परंतु ती उत्तर कर्नाटकाची, आदरार्थी 'री' लावणारी. बंगळुरात ती बोलल्यास समोरचा माणूस हसतो. ते हसणे बहुधा कौतुकाचे असते. अशा विद्यार्थ्याने शिशुनाळ शरीफ यांच्या तत्त्वपदांपासून आरंभ करावयास हरकत नाही. धारवाड भागातील या एकोणिसाव्या शतकातील मुस्लिम संताची पदे सी. अश्वत्थ यांच्या चालींमुळे सर्व कर्नाटकात गायिली जातात, आणि त्यांतील बोली त्याच्या ओळखीची असते.

धारवाडचेच दत्तात्रेय रामचंद्र बेंद्रे हे तर या विषयाचे सर्वांत बोलके उदाहरण होय. १८९६ साली जन्मलेल्या बेंद्र्यांच्या घरची भाषा मराठी होती. शिक्षणासाठी ते पुण्यास फर्ग्युसन महाविद्यालयात राहिले, पुढे सोलापुरात त्यांनी अनेक वर्षे अध्यापन केले, मराठीतही लिहिले. परंतु 'अंबिकातनयदत्त' या नावाने त्यांनी जी कविता लिहिली ती कन्नडमध्ये, आणि 'नाकु तंति' या संग्रहासाठी १९७३ साली त्यांना ज्ञानपीठ पुरस्कार मिळाला. त्यांच्या कवितेची लय ग्रंथांतून आलेली नाही. ती धारवाडच्या आसपास गायिल्या जाणाऱ्या लोकगीतांची, बायकांच्या आणि जोगी-फकिरांच्या गाण्यांची लय आहे. आता, बेंद्र्यांसारखी प्रतिभा व्याकरणाच्या पुस्तकातून येत नाही तशी लोकगीतांतूनही येत नाही. पण मराठी घरातल्या मुलाच्या कानाला गल्लीतील गाणे किती दूर नेऊ शकते, हे त्यावरून दिसते.

सामान्य विद्यार्थ्यासाठी मधला आणि उत्तम मार्ग भावगीतांचा. कन्नडमध्येही त्यांना 'भावगीतॆ'च म्हणतात. के. एस. नरसिंहस्वामी यांचा १९४२ सालचा 'मैसूरु मल्लिगॆ' हा संग्रह नवविवाहित जोडप्याच्या संसारावरील कवितांचा आहे. त्यातील शब्द घरातले आणि वाक्ये छोटी; आणि मैसूर-बंगळूर भागाची भाषा प्रमाणभाषेस जवळची असल्याने ती पुढे उपयोगी पडते. चित्रपटगीतेच हवी असतील तर राजकुमार यांनी स्वतः गायिलेली घ्यावीत. १९७० नंतरच्या दशकापासून ते आपल्या भूमिकांसाठी स्वतः गाऊ लागले. त्यांच्या गाण्यात ऱ्हस्व ऱ्हस्व राहतो आणि जोडाक्षर फुटत नाही.

तरीही गीताचा एक दोष कोणताही गायक दूर करू शकत नाही. चालीला लांब स्वर हवा असेल तेथे ऱ्हस्व अक्षरही ताणले जाते. 'बॆळॆ' आणि 'बेळॆ' यांतला भेद गाणे शिकवीत नाही. उलट पुसून टाकते. शिवाय गाण्यातील शब्द एकमेकांना माळेसारखे बांधलेले असतात. तिसऱ्या कडव्यातील एखादा शब्द आठवायचा तर पहिल्यापासून म्हणत यावे लागते, हा प्रत्येकाचा अनुभव आहे. रिक्षावाला तेवढा वेळ थांबत नाही. म्हणून पाठाची दुसरी पायरी आवश्यक ठरते : गीत ऱ्हस्व-दीर्घाच्या चिन्हांसह देवनागरीत उतरवून घ्यावे, अर्थ समजून घ्यावा, आणि मग चाल काढून टाकून ते गद्यासारखे वाचावे, संथ आवाजात, जणू समोरच्यास काही सांगत आहोत असे. हे कंटाळवाणे आहे. बहुतेक जण येथेच सोडून देतात आणि त्यांना वीस कन्नड गाणी येतात पण एक वाक्य येत नाही.

तिसरी पायरी मराठी घरातूनच घेता येते. भोंडल्याच्या गाण्यांत माहेरी जाऊ पाहणाऱ्या सुनेचे आणि सासूचे संवाद असतात. कारल्याचा वेल लावण्यापासून पुढे प्रत्येक कडव्यात सासू एक काम सांगते आणि सून ते झाल्याचे सांगते. व्याकरणाच्या दृष्टीने पाहिले तर पहिल्या ओळीत आज्ञार्थ असतो आणि दुसरीत त्याच क्रियापदाचा भूतकाळ. कडव्यागणिक शब्द बदलतो, साचा तोच राहतो. परभाषेच्या वर्गात ज्या सरावाला शिक्षक पानेच्या पाने खर्च करतात, तो सराव शेकडो वर्षे मुली फेर धरून करीत आल्या आहेत. हीच चाल ठेवून कन्नड क्रियापदे बसविता येतात. 'तन्नि', आणा, 'तंदॆ', आणले. 'कॊडि', द्या, 'कॊट्टॆ', दिले. 'होगि', जा; 'होदॆ', गेले. 'बन्नि', या, 'बंदॆ', आले. कन्नडमधील नेहमीच्या क्रियापदांचा भूतकाळ अनियमित आहे आणि कोष्टकातून पाठ करणे जिवावर येते. सासू-सुनेच्या तोंडून तो आठवड्याभरात येतो. ('तंदॆ' या शब्दाचा दुसरा अर्थ 'वडील' असाही आहे, हे मुलांना विशेष आवडते.) जुन्या संगीत नाटकांत ओळखीच्या चालींवर नवी पदे रचीत आणि त्यांत कानडी चालीही असत. बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे जन्मलेल्या अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० साली 'शाकुंतल' रंगभूमीवर आणले तेव्हापासूनचा हा व्यवहार आहे. चाल सीमेपलीकडून अलीकडे आली. येथे शब्द पलीकडचे घ्यावयाचे, एवढाच फरक.

यासाठी वेळ कोठून काढावा हा प्रश्न इलेक्ट्रॉनिक सिटीत नेहमी विचारला जातो. तो वेळ रस्त्यावर पडलेला असतो. २०१० साली सिल्क बोर्डपासून उड्डाणमार्ग झाला तरी शहरातून कंपनीच्या बसने येण्यास तास-दीड तास लागणे ही नित्याची गोष्ट राहिली. ऑगस्ट २०२५ मध्ये आर. व्ही. रोड ते बोम्मसंद्र हा मेट्रोचा पिवळा मार्ग सुरू झाला, आणि आता गाडीतच 'मुंदिन निल्दाण', म्हणजे 'पुढील स्थानक', हे शब्द प्रत्येक थांब्यापूर्वी एकाच लयीत ऐकू येतात. तेही एक गाणेच म्हणावे. पंधरा दिवसांत ते न शिकता पाठ होते आणि 'मुंदिन' हा शब्द 'मुंदिन वार', पुढचा आठवडा, असा दुसरीकडे वापरताही येतो. कानात गीत, हातात वही आणि अर्धा तास, एवढ्यावर एका महिन्यात दोन पदे नीट होतात. त्याहून अधिक घेऊ नयेत.

शेवटची पायरी भाजीवालीपुढे उभे राहण्याची. येथे एक अनपेक्षित अडथळा येतो. बंगळूरचा सामान्य माणूस चार-पाच भाषा बोलतो, आणि ग्राहक अडखळताना दिसला की तो सौजन्याने हिंदीवर येतो. विद्यार्थ्याने जुळवून ठेवलेले 'बॆलॆ ऎष्टु?' हे वाक्य कसेबसे बाहेर पडते आणि उत्तर हिंदीत येते. अशा वेळी बहुतेक जण सुटकेचा निःश्वास टाकून हिंदीत बोलू लागतात. त्याऐवजी 'कन्नड स्वल्प स्वल्प बरुत्तॆ, निधानवागि हेळि' एवढे म्हणावे : कन्नड थोडे थोडे येते, सावकाश सांगा. 'स्वल्प' हा शब्द मराठीत केवळ विरामचिन्हात उरला आहे; येथे तो दिवसातून शंभर वेळा ऐकू येतो. भाजीवाली मग किंमत कन्नडमध्ये सांगते, सावकाश, प्रत्येक शब्दाचा शेवटचा स्वर पूर्ण उच्चारून, जवळजवळ गाण्यात म्हणावा तसा.